किशोरवयीन मुलांच्या मानसिक आरोग्यावर संशोधन करताना शाळांना खऱ्या अर्थाने भागीदार कसे करावे?

प्रश्न
पीएचडी संशोधक, मानसशास्त्र (कोल्हापूर)

नमस्कार. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांमधील चिंता व नैराश्याची लक्षणे आणि शाळेतले वातावरण यांचा संबंध हा माझ्या पीएचडीचा विषय आहे. तालुक्याच्या गावातील अनुदानित माध्यमिक शाळा आणि आसपासच्या काही ग्रामीण शाळा यांत हे काम करावे, आणि एकदा प्रश्नावली भरून घेऊन मोकळे होण्यापेक्षा त्याच मुलांकडे दोन-तीन वर्षे पुन्हा जात राहावे, असा माझा विचार आहे. असे काम केवळ परवानगीपत्रावर होत नाही. त्यात शाळेचा बरोबरीचा सहभाग लागतो, आणि नेमके तेच जमत नाही.

शिक्षणाधिकारी कार्यालयाचे पत्र दाखवले की शाळेचे दार उघडते, पण वरून आदेश आल्यासारखे उघडते. चित्रकलेचा तास मिळतो, एका बाकावर तिघे बसलेले असतात, वर्गशिक्षक रांगांमधून फिरत मुले काय लिहितात ते पाहत असतात, आणि तास संपण्याच्या आत प्रश्नावल्यांचा गठ्ठा माझ्या हाती ठेवला जातो. त्या उत्तरांवर मला स्वतःलाच विश्वास ठेवता येत नाही. एका शाळेत "आमच्याकडे अशी मुले नाहीत" असे सांगून विषय मिटवण्यात आला. दुसरीकडे संस्थाचालकांनी शाळेबद्दल प्रतिकूल काहीही प्रसिद्ध होणार नाही अशी लेखी हमी मागितली, जी मी देऊ शकत नाही.

स्थानिक माहितीची वानवा मात्र खरी आहे. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलामुलींमध्ये मानसिक विकार आढळले होते, परंतु त्या सर्वेक्षणातील १२ राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. म्हणून अनुभवी मंडळींना विचारते : शाळेशी पहिले बोलणे कोणाशी आणि कशा स्वरूपात करावे? शिक्षकांना कितपत सामील करून घ्यावे? पालकांची संमती नावापुरती न राहता खरी कशी ठरेल? आणि शाळेने आपल्याला वेळ दिल्यावर तिला आपण काय देणे लागतो?


उत्तर १
निवृत्त मुख्याध्यापक (सातारा)

शिक्षणाधिकाऱ्यांचे पत्र लागतेच. फक्त ते खिशात ठेवून शाळेत जावे आणि मागितल्यावर दाखवावे. मुख्याध्यापकाच्या टेबलावर येणारा प्रत्येक कागद काही ना काही मागत असतो. यू-डायसची माहिती, पोषण आहाराचा हिशेब, शिष्यवृत्तीचे अर्ज, मतदार यादीचे काम. त्या ढिगात आपले पत्र पडले की आणखी एक माहिती मागणारा आला, एवढीच त्याची नोंद होते. शिवाय आपल्या आधी येऊन गेलेल्यांचा इतिहास शाळा विसरलेली नसते. प्रबंधाची प्रत देतो असे सांगून गेलेले बहुतेक संशोधक पुन्हा फिरकले नाहीत. पदवी मिळाल्याचे पेढेसुद्धा आले नाहीत.

म्हणून पहिल्या भेटीला प्रश्नावली नेऊ नये. शाळेला स्वतःला काय सतावते ते आधी विचारावे. कोणताही मुख्याध्यापक "आमच्याकडे नैराश्य आहे" असे म्हणणार नाही, पण नववीत अनुपस्थिती का वाढते, दहावीच्या धास्तीने काही मुले सराव परीक्षेलाच का येत नाहीत, मोबाइलवरून मुलांची भांडणे वर्गात कशी येतात, यावर तो तासभर बोलेल. आपल्या अभ्यासातला निदान एक प्रश्न त्या बोलण्यातून आलेला असू द्या. वर्गशिक्षकांबरोबर शाळेच्या शिपायाशीही बोला. मधल्या सुट्टीत डबा न उघडता जिन्याखाली बसणारा मुलगा कोण, हे बहुधा त्यालाच सर्वात आधी ठाऊक असते.

आता संस्थाचालकांच्या हमीबद्दल. ती मागणी आपल्याला अरेरावीची वाटली असेल, पण तिच्यामागचे कारण समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. अनुदानित शाळेत शिक्षकांची पदे पटसंख्येवरून ठरतात. "अमुक शाळेतील मुले नैराश्यग्रस्त" अशी बातमी एखाद्या स्थानिक दैनिकात आली आणि पुढच्या जूनमध्ये पट घसरला, तर संचमान्यतेत, म्हणजे पटावरून पदे मंजूर होताना, पद कमी होते आणि कोणीतरी शिक्षक अतिरिक्त ठरतो. म्हणजे त्या खोलीत बसलेल्या माणसांच्या नोकरीशी आपला निष्कर्ष जोडलेला आहे. शाळेचे, गावाचे किंवा ओळख पटेल असे कोणतेही वर्णन प्रसिद्ध करणार नाही, ही हमी आपण देऊ शकता आणि ती लेखीच द्यावी. सचिवांची भेट मुख्याध्यापकांना बरोबर घेऊनच घ्यावी. त्यांना वगळून वर गेलात तर शाळेत आपले कोणीच उरणार नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत हीच जागा केंद्रप्रमुख आणि शाळा व्यवस्थापन समितीची असते. शिक्षणहक्क कायद्यानुसार त्या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे पालकांच्या संमतीचे निम्मे काम तिथेच सुकर होते.

वेळेचे म्हणाल तर जून प्रवेश आणि पुस्तकवाटपात जातो. जुलैच्या मध्यापासून गणपतीपर्यंतचा काळ उत्तम. दिवाळीनंतर स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू होण्याआधी थोडी फट मिळते. जानेवारीनंतर माध्यमिक शाळेत पाऊल ठेवू नये. दहावीची पूर्वपरीक्षा आणि बोर्ड यांपुढे तेव्हा कोणालाही काही दिसत नाही.


उत्तर २
शालेय समुपदेशक (ठाणे)

सरांनी शाळेची बाजू सविस्तर मांडली आहे. मला एकाच गोष्टीवर बोलायचे आहे, कारण बहुतेक संशोधन प्रस्तावांत तिला दोन ओळी मिळतात.

आपण नैराश्यासाठी पीएचक्यू-९ किंवा तशी एखादी प्रश्नावली वापरणार असाल, तर तिचा नववा प्रश्न गेल्या दोन आठवड्यांत मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार आले का, हे विचारतो. समजा, सकाळी अकराच्या तासाला एका मुलीने तिथे "जवळजवळ रोज" यावर खूण केली आणि कागदावर नाव नाही. संध्याकाळी आपण घरी उत्तरे संगणकात भरायला बसता, तेव्हा ती खूण आपल्याला दिसते. आता काय करणार? निनावी प्रश्नावलीमुळे मुले मोकळेपणाने लिहितात हे खरे, पण मग तिला शोधण्याचा मार्ग उरत नाही. माझे मत असे की विचारायचे असेल तर प्रत्येक कागदावर सांकेतिक क्रमांक असावा, क्रमांक आणि नाव जोडणारी यादी फक्त आपल्या ताब्यात कुलपात असावी, कागद गोळा होताच तिथेच तो एक प्रश्न तपासला जावा, आणि खूण आढळलेल्या मुलाशी प्रशिक्षित व्यक्तीने शाळा सुटण्यापूर्वी बोलावे. हे शक्य नसेल तर तो प्रश्न वगळलेली पीएचक्यू-८ वापरावी. विचारल्याने मुलांच्या मनात नसलेला विचार येतो अशी भीती शिक्षक नक्की व्यक्त करतील. न्यूयॉर्क राज्यातील माध्यमिक शाळांमध्ये झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असा दुष्परिणाम आढळला नव्हता, हे त्यांना सांगता येईल. धोका विचारण्यात नाही. विचारून निघून जाण्यात आहे.

गोपनीयतेचेही तसेच. "तू लिहिलेले कोणालाही कळणार नाही" असे वाक्य मुलांना कधीही देऊ नका. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, संशोधकावरही. कोणती गोष्ट आपल्यापुरती राहील आणि कोणती सांगावीच लागेल, हे मुलांना प्रश्नावली हाती देण्यापूर्वी साध्या भाषेत सांगितले पाहिजे. त्यामुळे काही मुले काही लिहिणार नाहीत. ती किंमत मोजावी लागते. शाळेत विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आणि तक्रारपेटी असते. अशा प्रसंगी त्यांची भूमिका काय असेल तेही मुख्याध्यापकांबरोबर आधीच ठरवून ठेवा.

मुलाला पुढे पाठवायचे कुठे, याची सोय काम सुरू होण्याच्या आधी झालेली असावी. जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभाग, किशोरवयीनांसाठीचे मैत्री क्लिनिक आणि टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक एवढे तरी हाताशी हवे. पण नुसती यादी भिंतीवर लावून भागत नाही. मानसोपचार विभाग आठवड्यातून कोणत्या वारी चालू असतो, तिथे कोणाला भेटायचे आणि तालुक्याहून निघालेली एसटी त्या वेळेत पोहोचते का, हे आपण स्वतः जाऊन पाहून यावे.


उत्तर ३
सार्वजनिक आरोग्य संशोधक (पुणे)

शिक्षकांना किती सामील करावे, या प्रश्नावर आपल्याच देशातला एक चांगला पुरावा आहे आणि तो बारकाईने वाचायला हवा. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात संगत या संस्थेने सेहर नावाचा प्रयोग केला. सरकारी माध्यमिक शाळांमध्ये नववीच्या मुलांसाठी भित्तिपत्रिका, मुलांचे गट, मनातले लिहून टाकण्याची पेटी, स्पर्धा आणि गरजेनुसार समुपदेशन असा संपूर्ण शाळेला कवेत घेणारा कार्यक्रम राबवला गेला. काही शाळांत तो बाहेरून नेमलेल्या, मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्याने चालवला आणि काही शाळांत तिथल्याच शिक्षकाने. पहिल्या गटात शाळेचे वातावरण सुधारले, दादागिरी, हिंसा आणि नैराश्याची लक्षणे कमी झाली. शिक्षकांनी चालवलेल्या गटात मात्र नेहमीच्या शाळांच्या तुलनेत फरक पडला नाही. यावरून शिक्षक निरुपयोगी असा अर्थ काढणे चुकीचे होईल. एकाला तेवढेच काम होते आणि दुसऱ्याला ते अध्यापनाच्या जोडीला करायचे होते, शिवाय गुण देणाऱ्या व्यक्तीपाशी मूल मन मोकळे करील का, हा प्रश्नही उरतोच. आपल्यापुरता निष्कर्ष एवढा की वर्गात प्रश्नावली भरली जात असताना वर्गशिक्षक खोलीत नसावेत, आणि अभ्यासाचा आराखडा ठरवला जात असताना मात्र ते खोलीत असावेतच.

शाळेला काय द्यावे याचा सर्वात सुबक नमुना वेल्समध्ये पाहायला मिळतो. कार्डिफ विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१३ मध्ये तिथे शालेय आरोग्य संशोधनाचे जाळे उभे राहिले आणि पुढे तेथील सर्वच मुख्य प्रवाहातील सरकारी माध्यमिक शाळा त्यात आल्या. दर दोन वर्षांनी विद्यार्थ्यांचे सर्वेक्षण होते आणि प्रत्येक शाळेला तिच्या विद्यार्थ्यांचा स्वतंत्र अहवाल, देशाच्या आकड्यांशी तुलना करून, परत मिळतो. शाळा टिकून राहतात त्या या अहवालामुळे, असे मला वाटते. मुलांसाठी काय करायचे हे ठरवायला त्यांना तो उपयोगी पडतो. आपण एकटी व्यक्ती आहात, त्यामुळे असे जाळे विणता येणार नाही. परंतु प्रत्येक शाळेला तिच्यापुरता चार पानी मराठी अहवाल, त्याच शैक्षणिक वर्षात, शिक्षकांसमोर बसून समजावून देणे आपल्याला निश्चित जमेल. त्यात एक पथ्य पाळा : दहापेक्षा कमी मुलांच्या गटाचा आकडा देऊ नका. तुकडीत सातच मुली असतील तर "मुलींपैकी दोघी" म्हटल्याबरोबर त्या दोघी कोण याची चर्चा शिक्षकखोलीत सुरू होते.

संस्थाचालकांच्या हमीला पर्याय म्हणून सामंजस्य करारात असे कलम घालता येते की अहवालाचा मसुदा शाळा आधी वाचेल, ठरावीक मुदतीत आपले म्हणणे कळवेल, ते म्हणणे अहवालात छापले जाईल, पण निष्कर्ष बदलण्याचा किंवा रोखण्याचा अधिकार शाळेला नसेल. हे कलम वाचून जी शाळा मागे हटेल, ती दुसऱ्या वर्षी मधूनच गेली असती; तिला आत्ताच जाऊ द्यावे. करारात आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहावी : विद्यार्थिनिहाय उत्तरे शाळेला कधीही मिळणार नाहीत. मागणी होणार हे गृहीत धरा. बहुधा ती काळजीपोटीच होईल आणि म्हणून नाकारायला अवघड जाईल.

संमतीबाबत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत. १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते, आणि १२ वर्षांपुढील मुलांची स्वतःची लेखी संमतीही. मुख्याध्यापकांची परवानगी या दोहोंपैकी एकाचीही जागा घेऊ शकत नाही. "नकार कळवला नाही तर होकार समजू" असे पत्र पाठवण्याची सवलत हवी असल्यास ती नीतिमत्ता समितीकडून कारणांसह मागून घ्यावी लागेल. शाळेने सुचवले म्हणून ती घेता येत नाही.

जाता जाता एक इशारा. शाळेला भागीदार करण्याच्या भरात "यामुळे मुलांचे मानसिक आरोग्य सुधारेल" असे आश्वासन देऊ नका. इंग्लंडसह ब्रिटनमधील ८५ शाळांत शिक्षकांकडून सजगतेचे (माइंडफुलनेसचे) धडे देण्याचा मिरियाड हा मोठा प्रयोग झाला. २०२२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले तेव्हा मुलांच्या नैराश्यात नेहमीच्या शिक्षणापेक्षा काही सुधारणा दिसली नाही.


उत्तर ४
जिल्हा परिषद शिक्षिका (बीड)

वरची चर्चा वाचून दोन गोष्टी नोंदवाव्याशा वाटल्या. आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास निम्म्या पालकांचा मुक्काम ऊसतोडणीसाठी हलतो, त्यातले बरेच आपल्या कोल्हापूर-सांगलीकडेच येतात. मागे राहिलेले मूल आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात असते, आणि काही मुले आईवडिलांबरोबर फडावर जातात. अशा वेळी संमतीच्या कागदावर सही कोणाची? प्रत्यक्षात ती मोठी बहीण करते किंवा मूल स्वतःच करून आणते. तेव्हा सह्या घ्यायच्या त्या सप्टेंबरातच, संध्याकाळी सातनंतर वस्तीवर जाऊन, कागद वाचून दाखवून घ्याव्यात. दिवसाच्या पालकसभेला मजुरी बुडवून कोणी येत नाही. आपल्या बाजूच्या शाळांतही तोडणी कामगारांची मुले चार-पाच महिने बसतात आणि हंगाम संपला की हजेरीपटावरून जातात. दुसऱ्या वर्षी पुन्हा मोजणी कराल तेव्हा नेमकी तीच मुले आपल्या आकड्यांतून गळालेली असतील.

दुसरी गोष्ट शिक्षकांची. २०२० पासून शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक आरोग्यदूत म्हणून नेमायचे असतात. कागदावर आमच्याही शाळेत ते आहेत. त्यांच्यावर आणखी एक जबाबदारी टाकण्याआधी त्यांचा एखादा तास कोण घेणार, हे मुख्याध्यापकांकडून ठरवून घ्या. पुण्याच्या सरांनी सांगितलेला नालंद्याचा अनुभव ऐकून मला तरी आश्चर्य वाटले नाही.


प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. नववा प्रश्न ठेवायचा, पण समुपदेशक मॅडमनी सांगितलेली सोय झाली तरच, असे मी मार्गदर्शकांशी बोलून ठरवते आहे. ती होईपर्यंत पीएचक्यू-८ वर थांबेन. शाळांची संख्याही कमी करणार आहे, म्हणजे त्याच दिवशी मुलांशी बोलणे शक्य होईल. एक शंका उरते. प्रश्नावली अंतिम करण्यापूर्वी नववीच्या काही मुलामुलींचा सल्लागार गट करावा असे वाटते. शाळेने निवडून दिलेली मुले म्हणजे वर्गातली पहिली दहा असणार, आणि मी निवडायला गेले तर शाळा नाराज होईल. यातून मार्ग काय?


उत्तर २ ची लेखिका (ठाणे)

निवड चिठ्ठ्या टाकून करा, मुख्याध्यापकांच्या समोर करा आणि मुले-मुली वेगळ्या गटांत बसवा, निदान सुरुवातीला. गटाला "प्रश्नावली कशी वाटली" असे विचारू नका. प्रत्येक वाक्य वाचून त्याचा त्यांनी काय अर्थ घेतला ते त्यांच्या शब्दांत सांगायला लावा. आमच्याकडे झोपेविषयीच्या प्रश्नावर एका मुलाने सांगितले की तो रोज चार-साडेचारला उठतो, कारण नळाला पाणी तेव्हाच येते आणि त्यानंतर शिकवणी असते. त्याच्या "झोप पुरत नाही" या उत्तराचे गुण आपण नैराश्यात धरले असते. अशी कारणे प्रत्येक गावात वेगळी निघतील, तेव्हा तालुक्याच्या शाळेत एक आणि ग्रामीण शाळेत एक असे दोन गट ठेवा.


उत्तर १ चे लेखक (सातारा)

शाळा नाराज होणार नाही. चिठ्ठ्यांमध्ये हुशार मुलांचीही नावे आहेत एवढे वर्गशिक्षकांना दिसले की पुरते. मात्र गटाची बैठक शेवटच्या तासाला ठेवू नका. बाहेरगावच्या मुलांची एसटी चुकली तर दुसऱ्या दिवशी पालक मुख्याध्यापकांच्या दारात उभे असतील, आणि तिथून पुढचे बोलणे मग एसटीवरच होईल.